हेरिटेज नको, गाडी हवी

मागच्या वर्षी सप्टेंबरात सहा आठवडे लीड्सला होतो. क्लायंटकडे मायग्रेशन चालू होतं, म्हणजे जुनी सिस्टिम बंद करून नवी उभी करायची, आणि तेवढ्यात जुनी कुणालाच नीट कळत नाही हे उघडकीला आणायचं. एका रविवारी मोकळा होतो, तेव्हा जवळच्या कीथलीला जाऊन वाफेच्या इंजिनाची गाडी पाहून आलो. (स्पेलिंगमध्ये जीएच आणि उच्चारात थ. क्लायंटच्या माणसाने मला तीनदा सुधारलं, चौथ्यांदा सोडून दिलं.) सवयीप्रमाणे दहा-बारा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत उत्तरं आली. 'वॉव.' 'काय मेन्टेन केलंय!' आणि मग ते एक ठरलेलं वाक्य, जे आपल्या पिढीतला माणूस विमानतळाबाहेर पडल्यापासून तिसऱ्या तासाला म्हणतो: 'आपल्याकडे हे शक्यच नाही, मेंटॅलिटीच नाही.'

खरं सांगतो, तिथे उभा असताना मलाही तेच वाटलं होतं. परतीच्या गाडीत ब्लॉगसाठी मनात ओळी जुळवायलाही लागलो होतो. नंतर दोन गोष्टी झाल्या आणि तो लेख फिसकटला. हा जो लिहितोय तो त्याच्या जागी.

आधी गाडीबद्दल. कीथली ते ऑक्सनहोप हा सुमारे आठ किलोमीटरचा फाटा. सुरू झाला १८६७ साली, आणि तो काही राणीसाहेबांनी काढला नाही. वर्थ नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात कापडगिरण्या होत्या, त्यांना कोळसा आणायचा होता आणि माल न्यायचा होता, म्हणून गिरणीवाल्यांनीच पैसे उभे केले. रेल्वेने १९६२ सालच्या सुरुवातीला प्रवासी वाहतूक बंद केली. त्याच वर्षी स्थानिक लोक आणि रेल्वेवेडे यांनी मिळून संस्था काढली, रेल्वेकडून अख्खा फाटा विकत घ्यायचं ठरवलं आणि जून १९६८ मध्ये गाडी पुन्हा सुरू केली. पुढारी होते बॉब क्रायर, जे १९७४ साली कीथलीचे खासदार झाले. आजही गाडी प्रामुख्याने स्वयंसेवक चालवतात. ड्रायव्हर, गार्ड, तिकीट तपासणारा, फाटक उघडणारा, बहुतेक सगळे आठवडाभर दुसरं काहीतरी करणारे किंवा निवृत्त.

ओकवर्थ स्टेशनला उतरलात तर तुम्ही थेट १९१० साली उतरता. गॅसचे दिवे, पत्र्यावरच्या मुलामा दिलेल्या जुन्या जाहिराती, वेटिंग रूममध्ये कोळशाची शेगडी, हाताने ढकलायचं फाटक. 'द रेल्वे चिल्ड्रन' हा १९७० सालचा सिनेमा इथेच चित्रित झाला. ज्यांनी तो लहानपणी पाहिलाय ती साठीची माणसं प्लॅटफॉर्मच्या एका विशिष्ट जागी उभी राहून डोळे पुसतात. मी सिनेमा पाहिलेला नव्हता, त्यामुळे शांतपणे चहा प्यायलो.

पण मी ज्याच्यावर अडकलो ते ओकवर्थ नाही. ते त्याच्या दोन स्टेशनं अलीकडचं इनग्रो. कीथलीतून निघाल्यावर पहिलंच. छोटी दगडी इमारत, उतरतं छप्पर, कुंड्या, सगळं चित्रातल्यासारखं. मी फोटो काढत होतो तर शेजारी एक आजोबा उभे होते, छातीवर संस्थेचा बिल्ला. ते म्हणाले, इमारत आवडली ना, पण ती इथली नाही. मला वाटलं माझ्या इंग्रजी ऐकण्यात गडबड झाली. मग त्यांनी नीट सांगितलं. इनग्रोची मूळ इमारत फाटा बंद असताना पोरांनी फोडून टाकली, इतकी की शेवटी पाडावी लागली. मग पलीकडे फोलरिज नावाच्या गावच्या बंद पडलेल्या स्टेशनाची इमारत त्यांनी दगड-दगड सोडवून आणली आणि इथे पुन्हा रचली. १९८९ साली ती सुरू झाली.

वा, म्हटलं, काय चिकाटी! आणि फोलरिजला आता काय आहे?

म्हणाले, काही नाही. स्किप्टन ते कोल्न हा त्यांचा रस्ताच १९७० साली बंद झाला. ते साडेअकरा मैल पुन्हा जोडा म्हणून तिथली माणसं अजून मागणी करतायत.

ही गोष्ट त्यांनी अगदी सहज सांगितली, आणि शिट्टी झाली म्हणून निघून गेले. मी मात्र त्या दगडांकडे बघत राहिलो. सगळे ज्याला 'जपलेला वारसा' म्हणतात, तो दुसऱ्या एका गावाची गाडी गेल्यावर उरलेला दगड आहे. इनग्रोला सुंदर स्टेशन मिळालं कारण फोलरिजला गाडी उरली नाही. इनग्रोच्या लोकांचा यात काही दोष नाही, उलट त्यांनी ते दगड वाचवले. पण 'बघा, ते कसं जपतात' असं म्हणणाऱ्याने हा हिशेबही मांडायला हवा.

आणि मेंटॅलिटी? ती मेंटॅलिटी, जिने लंडनच्या युस्टन स्टेशनची प्रचंड दगडी कमान १९६१-६२ साली लोक ओरडत असताना पाडली? की ती, जिच्या १९६३ सालच्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून जास्त स्टेशनं आणि सुमारे पाच हजार मैल लोहमार्ग बंद करायला सांगितले? (कीथलीचा फाटा त्याच्याही आधी गेला, त्यामुळे त्याचं खापर बीचिंगवर फोडू नका, तिथले लोकही फोडतात.) ब्रिटनने आपली रेल्वे जपली नाही. ब्रिटनने ती तोडली, आणि तोडलेल्यातले काही तुकडे हट्टी लोकांनी उचलून घरी नेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या ग्रुपवर फक्त दुसरी पोचते.

आता दुसरी गोष्ट. त्या रात्री मामांना फोन केला.

माझं आजोळ दारव्हा, यवतमाळ जिल्हा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूर्तिजापूर हे अकोल्याजवळचं मोठ्या लाइनवरचं स्टेशन. तिथून एक छोटी लाइन खाली कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जायची आणि दुसरी वर दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला घातलेली. हिला सगळे 'शकुंतला' म्हणतात. मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन हिने १९९४च्या एप्रिलपर्यंत वापरलं, त्यानंतर डिझेल आलं. मी शाळेत असताना आईबरोबर या गाडीने दारव्ह्याला गेलोय, डिझेलच्या काळात. मला आठवतं ते एवढंच, की गाडी इतकी हळू जायची की मोठी मुलं उतरून थोडं पळून पुन्हा चढायची, आणि फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून धावत येऊन चढायचा. तिकीटही गाडीतलाच माणूस द्यायचा. स्टेशनांवर कुणी नसायचंच. तेव्हा आम्हाला ते हसू येण्यासारखं वाटायचं. ओकवर्थला फाटक ढकलणाऱ्या स्वयंसेवकाचे लोक फोटो काढत होते, तेव्हा मला तो दारव्ह्याचा माणूस आठवला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

तर मामांना हौसेने सगळं सांगितलं. मामा सत्तरीचे, तरुणपणी याच गाडीने यवतमाळला जाऊन-येऊन करायचे. एसटीच्या भाड्याच्या थोड्या हिश्शात जाता यायचं म्हणून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"थे गाडी जाते कुठं मंग?"

"ऑक्सनहोप म्हणून गाव आहे, मामा."

"तिथं बाजार भरते काय?"

"नाही हो. छोटं गाव आहे. चहाचं दुकान आहे, जुने डबे ठेवलेत बघायला."

"मंग लोकं काहून जातात तिथं?"

"मजा म्हणून."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अन् आमची कामाची होती, थे बंद केली."

मला आधी वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

आता भांडायला येतो. शकुंतलेचं नाव निघालं की आपल्याकडचे शहरी लोक, म्हणजे मी आणि तुम्ही, लगेच एक उपाय सुचवतो: हिला हेरिटेज करा! जुनं इंजिन लावा, डबे रंगवा, वीकेंडला पुण्या-नागपूरचे लोक येतील, होमस्टे होतील, रील्स होतील. मी स्वतः हे एका चर्चेत म्हटलेलं आहे, त्यामुळे आधी स्वतःचे कान धरतो. हा उपाय चुकीचा आहे. निदान पहिला उपाय म्हणून चुकीचा आहे.

एक तर ती गाडी मेली कशी ते बघा. आपण सॉफ्टवेअरवाल्यांना हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवं, कारण आपण हेच दर वर्षी करतो. एखादी जुनी सिस्टिम असते, चालू असते, लोक वापरत असतात. मालक कोण हे धड ठरलेलं नसतं, म्हणून पॅच कुणी करत नाही. मग ती हळू होते. हळू झाली म्हणून लोक दुसरीकडे जातात. मग कुणीतरी आलेख काढतो, 'युसेज बघा किती कमी आहे', आणि त्या आलेखाच्या जोरावर ती बंद होते. आलेख खरा असतो. फक्त तो रोगाचा नसतो, उपचार न केल्याचा असतो.

शकुंतलेचं हुबेहूब हेच. लाइन मूळची एका खाजगी ब्रिटिश कंपनीची, आणि स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वेसारखं तिचं राष्ट्रीयीकरण झालंच नाही. रूळ एकाचे, गाडी चालवणार दुसरा. अशा घरात छप्पर गळायला लागलं तर घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू घरमालकाकडे. रुळांची अवस्था बिघडत गेली, म्हणून वेग कमी केला. शंभरेक किलोमीटरच्या प्रवासाला अर्धा दिवस लागायला लागला, म्हणून ज्यांना परवडत होतं ते एसटीने जायला लागले. उरले ते, ज्यांना एसटी परवडत नव्हती. अशा लोकांच्या आलेखाला फार उंची नसते. २०१०च्या दशकात दोन्ही फाटे एकामागोमाग थांबले. मधे, २०१६ साली, रुंदीकरणाची घोषणा झाली. तिथल्या लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. त्यांच्या निवेदनांत 'हेरिटेज' हा शब्द मागाहून आला असेल, पहिली मागणी गाडीचीच होती.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळत नाही. ताशी वीस किलोमीटरची गाडी या काळात कोण वापरणार? आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन येतेच आहे की, वर्ध्याकडून कळंबपर्यंत ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाली. बरोबर आहे. मी रुंदीकरणाच्या विरोधात नाही. कुर्डुवाडी-लातूरची बार्शी लाइट रेल्वे रुंद झाली, पंढरपूरची झाली, मिरजेपर्यंतची झाली, आणि आज तिथला माणूस थेट मोठ्या शहराला जातो. कॅल्थ्रॉपने १८९७ साली काढलेली ती लाइन अभियांत्रिकीत फार मानाची होती, त्याच धर्तीवर त्याने पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरला एक लाइन बांधली. जाता जाता, ती इंग्लंडातली १९३४ साली बंद झाली आणि आज तिच्यावरून लोक सायकली चालवतात. बार्शीच्या लाइनवरून अजून गाडी जाते. तेव्हा सांगा, जास्त जपलं कुणी? जुन्या अडीच फुटी रुळांसाठी मलाही हळहळ वाटते, पण लातूरच्या माणसाच्या सोयीवर मी माझी हळहळ लादणार नाही.

पण मूर्तिजापूर-यवतमाळचं रुंदीकरणही नाही आणि छोटी गाडीही नाही. उद्याच्या मोठ्या गाडीच्या भरवशावर आजची छोटी बंद, हा सौदा कुठल्या प्रोजेक्ट मॅनेजरने मान्य केला असता? नवी सिस्टिम लाइव्ह होईपर्यंत जुनी बंद करायची नाही, हे आमच्याकडे सहा महिन्यांच्या फ्रेशरलासुद्धा माहीत असतं. क्लायंटकडे एका रात्रीसाठी जुना सर्व्हर बंद ठेवायचा तर तीन मीटिंगा होतात आणि परत फिरायचा आराखडा लिहून द्यावा लागतो. कारंजा-दारव्ह्याच्या लोकांचा परत फिरायचा आराखडा कुठाय?

आणि हेरिटेज का नको, ते. हेरिटेज म्हणून जी गाडी सुरू होते ती कुणासाठी सुरू होते ते तिचं वेळापत्रक सांगतं. कीथलीच्या फाट्यावर मी इनग्रोच्या त्या आजोबांना नंतर परतीच्या वेळी पुन्हा गाठलं आणि विचारलं, तुम्ही रोज कामाला या गाडीने जायचात का? म्हणाले, वडील जायचे, गिरणीत. आता खोऱ्यातले लोक बसने नाहीतर स्वतःच्या गाडीने जातात. सुट्टीच्या दिवशी, उन्हाळ्यात, ख्रिसमसला ही गाडी धावते, मंगळवारी सकाळी आठला ऑफिस गाठायला नाही. ते खूप काही वाचवू शकले: इंजिनं, डबे, दिवे, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे हाताने शिकवलेली विद्या. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरशेजारी विशीतली एक मुलगी फायरबॉक्समध्ये कोळसा कुठल्या कोपऱ्यात टाकायचा ते शिकत होती. ते मॅन्युअलमधून येत नाही, मी विचारलं. मूर्तिजापूरला झेडडी चालवणारे १९९४ नंतर कुणाशेजारी उभे राहून कुणाला काय शिकवणार होते? पण रोजची गाडी मात्र कीथलीकरांनाही वाचवता आली नाही, एवढ्या चिकाटीनंतरही. एकदा ती गेली की हेरिटेजच्या दाराने परत येत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको, नेरळला जा. माथेरानची गाडी १९०७ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने काढलेली. २०१९च्या पावसात तिचे रूळ वाहून गेले. वरची अमन लॉज ते माथेरान शटल लवकर सुरू झाली आणि खालून नेरळपासूनची पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये. शटल आधी का सुरू झाली? माथेरानात मोटारींना बंदी. अलीकडे ई-रिक्षा आल्या, पण वर राहणाऱ्या माणसाला, शाळेतल्या मुलाला, सामानाला ती शटल लागतेच. म्हणजे आपण जिला लाडाने 'टॉय ट्रेन' म्हणतो ती तिथल्या माणसाची लोकल आहे. तिला वारसा म्हणून कुणी कितीही गौरवलं तरी ती उभी आहे ती रोज कुणाचं तरी तिच्यावाचून अडतं म्हणून. आपण पर्यटक तिच्या खिडकीतली एक जागा भाड्याने घेतो, इतकंच आपलं नातं.

म्हणून मित्रांनो, ज्यांनी ग्रुपवर 'मेंटॅलिटी' लिहिलं त्यांना माझं म्हणणं असं: पुढच्या वेळी शकुंतलेसाठी ऑनलाइन सही मागणारं काही आलं, तर आधी वाचा की त्यात काय मागितलंय. रंगवलेले डबे आणि शनिवार-रविवारची फेरी मागितली असेल तर सही करू नका. सकाळची गाडी आणि संध्याकाळची परत मागितली असेल, तर करा, आणि लाइन कुठल्याही रुंदीची असली तरी करा. त्या गाडीत आपल्याला खिडकी मिळणार नाही, गर्दी असेल, फोटोही धड येणार नाहीत.

त्या रविवारी कीथलीला परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्टेशन एकच आहे. एका बाजूच्या प्लॅटफॉर्मवर वाफेचं इंजिन धापा टाकत उभं होतं आणि त्याच्याभोवती मोबाइल धरलेली माणसं. पूल ओलांडून दुसऱ्या बाजूला विजेची साधी गाडी, सीट थोड्या फाटक्या, खिडक्या धुळकट. तिच्यात टेस्कोच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका, कामावरून सुटलेला एक नर्स, आणि मी. फोटो काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गाडी वेळेवर सुटली. मामांना फोन लावला तो तिथूनच.